गुडघ्याची कुळकथा



आपल्या मराठी भाषेनें गुडघ्याला न्याय दिलेला नाहीं. लग्नाला उतावळा झालेला माणूस गुडघ्याला बाशिंग बांधून बसला आहे असें आपण म्हणतों. मंदबुद्धि माणसाची अक्कल गुडघ्यांत आहे असें सांगतों. आणि एखादा हरला म्हणजे त्यानें गुडघे टेकले अशी वार्ता देतों. उतावळेपणा, मूर्खपणा आणि पराभव ह्या तिन्ही गोष्टींचें खापर ज्या अवयवाच्या माथीं फोडलें, त्याच्याच जोरावर आपण पहांटे अंथरुणांतून उठतों, जिना चढतों, पंगतीला बसतों आणि देवापुढें दंडवत घालतों. पन्नाशी उलटेपर्यंत ह्या सेवकाची आठवण कोणास होत नाहीं. नंतर मात्र घरोघर ती होऊं लागते. जिन्याच्या कठड्याकडे हात जातो, पाटाऐवजीं खुर्ची मागितली जाते, आणि देवघरांत मांडी घालून बसण्याची आयुष्याची संवय सुटते. खालीं बसणें सुटलें म्हणजे आपल्या घरांतला निम्मा व्यवहार सुटतो. नातवंडांच्या बरोबरीनें भुईवर बसून बोलणेंहि सुटतें. म्हणून गुडघ्याचा विषय केवळ हाडांचा नाहीं. तो आपल्या राहणीचा आहे.

मी वैद्य नव्हे. शाळेंत आयुष्य घालविलेला एक मास्तर आहें. तेव्हां औषध सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु ह्या सांध्याचें ज्ञान मनुष्याला कसें होत गेलें, आणि त्या ज्ञानाच्या प्रवासांत आमच्या खानदेशाचा, म्हणजे जळगांव-धुळ्याच्या मुलुखाचा, कोठें कोठें संबंध आला, हें सांगण्याचा प्रयत्न आज करणार आहें. त्या इतिहासाचें तात्पर्य आरंभींच सांगून ठेवतों. जेव्हां जेव्हां कोणीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं गुडघा पाहिला, आणि तो ज्या लोकांचा होता ते कसे बसतात व कसे चालतात हेंहि पाहिलें, तेव्हां तेव्हां हें ज्ञान पुढें गेलें. जेथें नुसती पोथी वाचली गेली, तेथें तें जागच्या जागीं राहिलें.

प्रथम शिल्पकारांकडे जाऊं. जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. जिल्हा शेजारचा खरा, परंतु आगगाडीनें येणारा प्रवासी बहुधा जळगांवासच उतरतो. ह्या लेण्यांपैकीं अनेक लेणीं इसवी सनाच्या पांचव्या शतकांतलीं आहेत. तेथें आपण मूर्तीच्या मुखाकडे पाहतों, हातांच्या मुद्रेकडे पाहतों. एकदां केवळ गुडघ्यांकडे पाहत जावें. एकोणिसाव्या लेण्यांतील स्तूपावरची बुद्धमूर्ति उभी आहे. तेथें गुडघा सरळ आहे. सोळाव्या लेण्यांतील भव्य मूर्ति पाय खालीं सोडून आसनावर बसलेली आहे. तेथें गुडघा काटकोनांत आहे. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यांत पद्मासन आहे. तेथें गुडघा जवळजवळ पुरा मिटलेला आहे. आणि एकोणिसाव्या लेण्याच्या बाहेर नागराज एक पाय आसनावर मुडपून व दुसरा खालीं सोडून ऐटीनें बसला आहे. म्हणजे उभें राहण्यापासून पद्मासनापर्यंत गुडघ्याच्या हालचालीचा सारा पल्ला एकाच डोंगरांत कोरून ठेवलेला आहे. ज्या कारागिरांनीं तो कोरला त्यांनीं ह्या बैठकी ग्रंथांतून घेतल्या नसाव्यात. त्यांच्या भोंवतालचे लोक तसे बसत होते. गुडघा बाहेरून कसा दिसतो हें त्यांना पूर्ण ठाऊक होतें. आंत काय आहे हें पाहण्याचें काम वैद्यांचें.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं तें काम केलें होतें. चरकसंहितेंत शरीराचीं ३६० हाडें मोजलीं आहेत, आणि त्यांत गुडघ्याच्या वाटीची वेगळी गणना आहे. सुश्रुतसंहितेंत ३०० हाडें व २१० सांधे सांगितले आहेत; एकेका पायांत १७ सांधे, आणि त्यांतला एक गुडघा. सुश्रुतानें सांध्यांच्या जाति पाडल्या आहेत. बोटें, मनगट, घोटा, गुडघा आणि कोंपर ह्यांना तो ‘कोर’ जातीचे सांधे म्हणतो, म्हणजे स्थूलमानानें उघडझांप करणारे. गुडघ्याची वाटी त्यानें कपालास्थींत, म्हणजे खापरीसारख्या चपट्या हाडांत घातली आहे. शरीरांतील १०७ मर्मांपैकीं ‘जानु’ हें एक असून त्याचा विस्तार तीन अंगुळें आहे आणि तेथें इजा झाल्यास मनुष्य लंगडा होतो, असें तो बजावतो. गुडघा सुजून मोठा होतो व त्याच्या वरच्या-खालच्या बाजू बारीक दिसतात, त्या विकाराला त्यानें ‘क्रोष्टुकशीर्ष’ असें नांव दिलें आहे. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. सुजलेल्या गुडघ्याला कोल्ह्याच्या डोक्याची उपमा ज्यानें दिली, त्यानें असा रोगी जवळून पाहिला होता ह्यांत शंका नाहीं.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. मृत शरीर तपासावें कसें, ह्याची रीतच सुश्रुतसंहितेंत दिलेली आहे. अवयव शाबूत असलेला, विषानें न मेलेला, दीर्घ रोगानें न झिजलेला देह घ्यावा. मुंज गवतानें किंवा सालीनें गुंडाळून तो पिंजऱ्यांत ठेवावा. वाहत्या पाण्यांत, आडोशाच्या जागीं सात रात्री बुडवून ठेवावा. आणि नंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानें हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनीं पाहावा. शास्त्रांत वाचलेलें आणि प्रत्यक्ष पाहिलेलें ह्या दोहोंच्या मेळानेंच ज्ञान वाढतें, असा त्या ग्रंथाचा स्पष्ट अभिप्राय आहे. पण पुढें पुढें ग्रंथ राहिला आणि नदीकांठचा तो पिंजरा गेला. शवाचा विटाळ मानणाऱ्या समाजांत वैद्याच्या मुलानें शारीरस्थान तोंडपाठ करावें, परंतु ज्या अवयवांचीं नांवें घोकलीं ते कधीं पाहूं नयेत, अशी स्थिति झाली. यूरोपांतहि निराळें नव्हतें. गॅलेन नांवाच्या प्राचीन वैद्यानें माकडें व इतर जनावरें चिरून लिहिलेलें शारीर तेथें हजारांहून अधिक वर्षें प्रमाण मानलें गेलें. पाडुआच्या विद्यापीठांतील व्हेसेलियसनें स्वतः मानवी देह उघडून १५४३ मध्यें आपला सचित्र ग्रंथ छापला, तेव्हां कोठें तो पगडा ढिला पडूं लागला.

आपल्याकडे हा खंड पडलेला धागा पुन्हा जुळला तो १८३६ मध्यें, कलकत्त्यास. तेथील नव्या मेडिकल कॉलेजांत पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनीं मृतदेहावर शस्त्र चालविलें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हेच मधुसूदन गुप्त सुश्रुतसंहितेच्या पहिल्या छापील आवृत्तीचे संपादक. ज्या हातानें सुश्रुताची पोथी छापखान्यांत दिली, त्याच हातानें सुश्रुताची आज्ञा पाळली. नऊ वर्षांनीं, १८४५ मध्यें, मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें आणि मराठी मुलांना शवविच्छेदनाचें मेज प्रथमच जवळून दिसलें. १८५१ मध्यें त्या कॉलेजांतून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तींत गोव्यांतील मांद्रें गांवीं जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड होते. त्यांनाच आपण डॉक्टर भाऊ दाजी म्हणून ओळखतों.

भाऊ दाजींचा आणि खानदेशाचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो मोठा आहे. अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध करणाऱ्या आरंभींच्या विद्वानांत ते होते. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील, तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेखहि त्यांनींच विद्वानांच्या दृष्टीस आणला. भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, ही वार्ता त्या लेखावरूनच जगाला कळली. मला ह्या दोन कामांत एकच बुद्धि दिसते. मेजावर देह उघडून ‘येथें खरोखर काय आहे?’ असें विचारण्याची ज्याला संवय लागली, त्यानें दगडावरचा लेखहि ऐकीव माहितीवर न सोडतां ठसा घेऊन वाचला. भाऊ दाजी १८७४ मध्यें निवर्तले. परंतु प्रत्यक्ष पाहून बोलण्याची ती शिस्त आमच्या मुलुखाला त्यांच्या रूपानें भेटून गेली.

आतां त्या मेजावर गुडघा उघडला म्हणजे काय दिसतें तें पाहूं. गुडघ्याच्या सांध्यांत तीन हाडें एकत्र येतात: वरून मांडीचें हाड, खालून नडगीचें हाड आणि पुढच्या बाजूला वाटी. नडगीच्या बाहेरच्या अंगाला जें बारीक हाड असतें, तें ह्या सांध्यांत भाग घेत नाहीं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोंकाला दोन गोलसर उंचवटे असतात आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट असतो. सपाट पाटावर दोन गोटे ठेवावे तसा हा मांड आहे. नुसत्या हाडांच्या भरंवशावर तो क्षणभरहि टिकला नसता. तो टिकतो बंधांमुळें. दोन बळकट बंध दोन बाजूंना आहेत. आणखी दोन सांध्याच्या पोटांत फुलीसारखे एकमेकांना ओलांडून जातात. पुढचा बंध नडगीला पुढें घसरूं देत नाहीं, मागचा मागें घसरूं देत नाहीं. गोल आणि सपाट ह्यांच्यामध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात. त्या भार पसरून देतात. हाडांच्या टोंकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो आणि सांध्याच्या पिशवींत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें चिकट वंगण झिरपत असतें.

वाटीचें काम काय? मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायु वाटीच्या द्वारें नडगीला ओढून पाय सरळ करतो. वाटीमुळें तो दोर सांध्यापासून थोडा पुढें उचलला जातो. पहार जितकी लांब टोंकाशीं धरावी तितका दगड सहज हलतो, तोच न्याय येथें आहे. मात्र त्याची किंमतहि द्यावी लागते. जिना उतरतांना किंवा उकिडवें बसून उठतांना वाटीच्या मागच्या पृष्ठावर आपल्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. ज्यांची कूर्चा झिजली आहे त्यांना सपाट रस्त्यापेक्षां जिना अधिक जाचतो, तो ह्यामुळेंच.

आतां गतीविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं, गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. बिजागरीचा खिळा एका जागीं पक्का असतो आणि दार त्याच्याभोंवतीं फिरतें. गुडघ्यांत असा पक्का खिळा नाहीं. गुडघा मिटतांना मांडीच्या हाडाचे गोल उंचवटे नडगीच्या माथ्यावर मागें गडगडत जातात; पण ते नुसते गडगडले असते तर मागच्या कडेवरून खालीं पडले असते. म्हणून ते गडगडत असतांनाच पुढें घसरतातहि, आणि हा मेळ फुलीचे दोन बंध राखतात. गडगडणें व घसरणें ह्यांचा हा मेळ जर्मनींतील वेबर बंधूंनीं, विल्हेल्म आणि एडुआर्ड ह्यांनीं, मनुष्याच्या चालण्याच्या यंत्रणेवरील आपल्या ग्रंथांत प्रथम नीट मांडला. तें वर्षहि १८३६. कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनीं शस्त्र उचललें तेंच वर्ष.

गुडघ्याची दुसरी गति आपण घरबसल्या पाहूं शकतां. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर टेका, नडगीवर तळहात ठेवा, आणि टांच न उचलतां चवडा आंत-बाहेर फिरवा. नडगी हाताखालीं फिरतांना स्पष्ट कळेल. आतां पाय पुढें करून पूर्ण ताठ करा आणि चवडा तसाच फिरवून पाहा. चवडा फिरेल, परंतु ह्या वेळीं सारी मांडी खुब्यापासून फिरत असते. गुडघा फिरत नाहीं. सरळ होण्याच्या शेवटच्या पंधरा-वीस अंशांत नडगी किंचित् बाहेर वळते आणि सांधा कडी लागावी तसा पक्का होतो. ह्या कडीमुळेंच मनुष्य फारसे स्नायु न शिणवितां तासन् तास उभा राहूं शकतो. पुन्हा बसावयाचें झालें कीं गुडघ्याच्या मागच्या खळगींतला एक लहानसा स्नायु प्रथम ती कडी काढतो, आणि मगच गुडघा मिटूं लागतो. उभें राहतांना खांबासारखा पक्का आणि बसतांना पुरा मिटणारा, अशा दोन विरुद्ध मागण्या हा एकच सांधा पुरवितो.

येथें पद्मासनाविषयीं एक शब्द बोलणें जरूर आहे. त्या आसनांतील फिरण्याचा मोठा भाग खुब्यांत व्हावयाचा असतो. ज्याचा खुबा लहानपणापासून मोकळा राहिला आहे, त्याला तें आसन सुखकर वाटतें. परंतु चाळीस वर्षें खुर्चीवर बसलेल्या गृहस्थानें एके दिवशीं जोर करून पाय चढविला, तर खुबा फिरत नाहीं आणि तो सारा पीळ गुडघ्यावर येतो. आंतली गादी चिमटते. दोष आसनाचा नाहीं, तुटलेल्या संवयीचा आहे.

ह्या गाद्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८९७ मध्यें जॉन ब्लँड-सटन ह्या नामांकित इंग्रज शस्त्रवैद्यानें त्या म्हणजे पायांतील जुन्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष, असें लिहून ठेवलें. निरुपयोगी म्हटल्यावर त्या राखण्याचें कारण उरलें नाहीं. दुखावलेली गादी समूळ काढून टाकण्याची चाल पडली आणि ती कित्येक दशकें चालली. १९४८ मध्यें फेअरबँक नांवाच्या डॉक्टरानें अशा शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुडघे क्ष-किरणांनीं पाहिले, तेव्हां गादी गेलेल्या बाजूस हाडांत बदल होऊं लागलेले आढळले. ज्याचें काम आपल्याला दिसत नाहीं त्याला काम नाहीं असें समजणें किती महाग पडतें, ह्याचा हा धडा आहे. आतां गादी शक्य तों शिवून राखण्याकडे शस्त्रवैद्यांचा कल असतो.

श्रोतेहो, येथवर गुडघा उघडून पाहणाऱ्यांची कथा झाली. आतां कोणाचा गुडघा पाहिला, ह्या प्रश्नाकडे वळूं. यूरोपांतले ग्रंथ खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देहांवरून लिहिले गेले. भुईवर बसणाऱ्यांच्या हाडांकडे स्वतंत्र दृष्टीनें पाहण्याचें काम लाहोरच्या मेडिकल कॉलेजांतील शारीराचे अध्यापक हॅव्हलॉक चार्ल्स ह्यांनीं केलें. १८९३ च्या सुमारास त्यांनीं पंजाबी लोकांच्या पायांचीं हाडें तपासून दाखविलें कीं, उकिडवें बसण्याच्या संवयीमुळें हाडांवर विशिष्ट गुळगुळीत खुणा उमटतात. मनुष्य कसा बसत होता हें त्याच्या मागें त्याचीं हाडें सांगतात.

जपानांतली गोष्ट ह्याहून बोलकी आहे. तेथील लोक आपल्याप्रमाणें भुईवर, गुडघे मिटून बसतात. क्षयानें गुडघा आंखडला म्हणजे यूरोपीय माणूस खुर्चीवर दिवस काढूं शके. जपानी माणूस मात्र घरांत व समाजांत परका होऊन बसे. हें दुःख पाहून तोक्योच्या केंजी ताकागी ह्यांनीं १९१८ मध्यें मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृत देहाच्या गुडघ्यांत घालून आंत पाहिलें. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे ह्यांनीं तें यंत्र सुधारलें आणि १९६२ मध्यें दुर्बिणीच्या साहाय्यानें गादीचा फाटलेला तेवढाच भाग काढला. आज जळगांवच्या किंवा धुळ्याच्या रुग्णालयांत दोन बारीक छिद्रांतून गुडघ्याची शस्त्रक्रिया होते, तिचें मूळ भुईवर बसणाऱ्या एका समाजाच्या अडचणींत आहे.

आपल्या देशांतहि असेंच घडलें. परदेशी घडणीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठीं होता. त्यानें मांडी घालतां येत नसे, उकिडवें बसतां येत नसे, चिखलांत अनवाणी जातां येत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयांत रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी ह्यांनीं १९६८ मध्यें रबराचा, लांकडाचा असा पाय घडविला कीं, शेतकरी तो घालून शेतांत जाऊं शकला. सेठींना त्यासाठीं १९८१ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पुढें २००९ च्या सुमारास जयपूरच्या संस्थेनें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या सहकार्यानें स्वस्त कृत्रिम गुडघाहि सिद्ध केला. त्याचा फिरण्याचा बिंदु एका जागीं पक्का नसतो; तो सरकतो. वेबर बंधूंनीं सांगितलेलें सत्य तेथें नायलॉनच्या तुकड्यांत उतरलें.

झिजलेला गुडघा बदलण्याचा इतिहासहि हेंच सांगतो. १८९० मध्यें बर्लिनच्या ग्लूक नांवाच्या शस्त्रवैद्यानें हस्तिदंताचा गुडघा बसविला; क्षय व पू ह्यांमुळें तो टिकला नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास धातूच्या बिजागऱ्या बसविल्या गेल्या. त्या ढिल्या होऊं लागल्या, कारण ज्या सांध्याला वळावयाचें आहे त्याला त्यांनीं वळूं दिलें नाहीं. बिजागरीची कल्पना सोडून हाडांची टोंकेंच तेवढीं नव्यानें मढविण्याची रीत १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें सिद्ध झाली, आणि ती सिद्ध करणाऱ्यांत डॉक्टर चित्तरंजन राणावत होते. धुळ्याहून आग्रा रस्त्यानें शिरपूर, सेंधवा करीत उत्तरेस गेलें म्हणजे जें इंदूर लागतें, तेथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या गुडघ्यांवर त्यांनींच २००० व २००१ मध्यें मुंबईस शस्त्रक्रिया केली, तेव्हां ‘गुडघा बदलणें’ हा शब्द आमच्या ओट्यांवर पोंचला. खर्च मात्र पुष्कळांच्या आवांक्याबाहेरचा होता. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्र सरकारनें ह्या कृत्रिम भागांच्या किंमतीला मर्यादा घातली आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरविली.

आतां आपल्या घरच्या गुडघ्यांकडे पाहूं. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांनाच पुढें जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार वेगळा झाला. नकाशे बदलले, गुडघ्यांचे कष्ट तेच राहिले. निंदणीला गेलेली बाई दिवसभर उकिडवी सरकत असते. केळीचा घड खांद्यावर घेऊन मजूर बांधावरून चालतो. मुक्ताईनगरहून आई मुक्ताईची पालखी निघते, तिच्याबरोबर वारकरी सुमारें महिनाभर पंढरीची वाट तुडवितो. पुणें जिल्ह्यांतील भिगवण गांवीं १९९६ मध्यें घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तींत गुडघेदुखी हें ग्रामीण माणसाचें मोठें दुखणें असल्याचें दिसून आलें. म्हणजे हा विकार केवळ शहरांतील सुखवस्तु घरांचा नव्हे. तपासणाऱ्यानें ‘कोठें दुखतें?’ एवढेंच न विचारतां, ‘दिवसभर काय काम करतां, कसें बसतां?’ हेंहि विचारावें. आणि सांगणाऱ्यानें न लाजतां सांगावें. मांडीचा स्नायु बळकट ठेवणें, वजन आटोक्यांत ठेवणें, आणि सुजलेला गुडघा कोणाकडूनहि जोरानें ओढून न घेतां वेळींच डॉक्टरास दाखविणें, एवढ्या तीन गोष्टी वर सांगितलेल्या रचनेवरूनच आपोआप निघतात.

एक शेवटची गोष्ट. धुळ्यांत भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्यें सुरू झालें. ज्या ज्ञानासाठीं आमच्या मुलांना मुंबई गांठावी लागे, तें आतां तापी-गिरणा-पांझरेच्या कांठीं मिळूं लागलें आहे. ह्या विद्यार्थ्यांनाहि पाहावयास देह हवा. मुंबई प्रांतांत १९४९ च्या अधिनियमानें त्याची कायदेशीर तजवीज केली. पण कायदा बेवारस देहांवर निभावून नेतो, आणि समाज स्वेच्छेच्या देहदानावर मोठा होतो. सुश्रुताच्या शिष्यांनीं देह वाहत्या पाण्यांत आडोशाला ठेवला, कारण लोकांच्या दृष्टीपासून तो लपवावा लागे. आज लपविण्याचें कारण उरलेलें नाहीं. ज्या गुडघ्यांनीं साठ-सत्तर वर्षें आपल्याला ह्या मातीवर उभें केलें, बसविलें, चालविलें, ते अखेर एखाद्या शिकाऊ डॉक्टराच्या हाताखालीं गेले, तर तो प्रथमच आपल्याच प्रदेशांतील, मांडी घालून बसलेल्या, वारी केलेल्या माणसाचा गुडघा पाहील. पुढें ज्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर तो उपचार करील, त्याला त्याचा उपयोग होईल.

ज्यांचें मन ह्या विचाराकडे वळेल त्यांनीं घरांतल्या माणसांशीं आधीं बोलावें, त्यांची संमति घ्यावी आणि मगच महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागांत जाऊन नांव नोंदवावें. कारण अखेरच्या क्षणीं निर्णय घरच्यांनाच पार पाडावा लागतो.